चढावरच्या कॅम्पसाइटवर आरव्हीचा फ्रीज पुन्हा पुन्हा बंद पडतोय? आधी फ्रीजचं तोंड कुठे आहे ते बघा

तक्रार साधारण अशी असते. घरासमोर उभ्या आरव्हीत, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीत, फ्रीज उत्तम चालतो. सपाट जागी, तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवरही चालतो. डोंगरात नेला की पहिली रात्र निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत कोमट. बाहेरचा दिवा हिरवाच असतो. गॅस भरलेला, ज्योत पेटलेली, कुठलीही सूचना नाही. गाडी घरी आणून ठेवली की एक-दोन दिवसांत पुन्हा बर्फ जमायला लागतो, आणि दुरुस्तीवाल्याला दाखवायला काही उरत नाही.

आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत हे तीनदा झालं. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. गाडी 24 फुटी, क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, जुनी घेतलेली. तिन्ही वेळा आम्ही कोलोरॅडोच्या सॅन हुआन डोंगरांत होतो. पहिल्या वेळेनंतर एका दुरुस्तीवाल्याने फ्रीजचा सर्किट बोर्ड बदलला आणि त्यांच्या शेडमध्ये रात्रभर चालवून दाखवला. शेडची जमीन पाणी ठेवलं तर हलणार नाही इतकी सपाट. तिथे तो चालणारच होता. पुढच्या डोंगरात पुन्हा तेच.

कारण सापडलं ते तिसऱ्या वेळी, आणि तेही माझ्या सासऱ्यांना. ते पुढे सांगते, कारण तोच या सगळ्याचा गाभा आहे. त्याआधी तुमचा फ्रीज याच जातीचा आहे का, ते तपासा.

गॅसवर आणि विजेवर दोन्ही चालणारा, चालू असताना अजिबात आवाज न करणारा फ्रीज असेल तर तो अॅब्सॉर्प्शन पद्धतीचा. घरच्या फ्रीजसारखा त्यात कॉम्प्रेसर नसतो, म्हणून घरघरही नसते. 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली आणि ती आजही मुळात तीच आहे. वीज न पोचलेल्या गावांतल्या दवाखान्यांत लशी ठेवायला रॉकेलवर चालणारे फ्रीज असायचे, तेही याच तत्त्वावरचे. आग लावून थंडावा मिळवायचा हे ऐकायला उलटं वाटतं, पण ते कसं चालतं हे एकदा समजलं की डोंगरातली सगळी भानगड आपोआप उलगडते.

फ्रीजच्या पाठीमागे नळ्यांचं एक बंद जाळं असतं. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खाली बॉयलर. गॅसची ज्योत किंवा विजेची कांडी त्याला तापवते, त्यामुळे पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. वरच्या नळ्यांत तो गार होऊन पातळ होतो, तिथून फ्रीजच्या आतल्या भागात उतरतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला परत शोषून घेतं आणि ते मिश्रण मागच्या नागमोडी नळ्यांतून घरंगळत बॉयलरकडे येतं. या सगळ्या फेऱ्यात पंप कुठेच नाही. वर जायला उष्णता, खाली यायला फक्त उतार. आणि त्या नागमोडी नळ्यांना दिलेला उतार अगदी थोडा असतो, शेताच्या पाटासारखा. गाडी तिरकी उभी राहिली की तो उतार एका बाजूच्या नळ्यांत सपाट होतो किंवा उलटा होतो. मिश्रण वळणांत साचून राहतं, बॉयलरला परत काही येत नाही, आणि ज्योत मात्र खालून जळतच असते. म्हणून दिवा हिरवा आणि फ्रीज कोमट. यंत्राच्या दृष्टीने ज्योत आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

गाडी चालू असताना चढउतार आले तरी बिघडत नाही, कारण हिंदकळल्यामुळे साचलेलं मिश्रण सुटत राहतं. त्रास होतो तो एकाच तिरक्या जागी तासन् तास उभं राहिल्यावर.

आता तिसऱ्या वेळचं. यूरे गावाच्या डोक्यावर अॅम्फिथिएटर नावाचं वनखात्याचं कॅम्पग्राउंड आहे, उंची 8,400 फूट. खाली गाव एखाद्या वाटीच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसतं आणि समोर उभे कडे. जागा इतकी सुंदर आहे की पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. पण वर जाणारा रस्ता अरुंद आणि चढाचा, आणि डोंगराच्या कुशीतल्या जागा डोंगरासारख्याच उतरत्या. विजेची जोडणी नाही. त्या वर्षी जुलैत कराडहून नाना, म्हणजे माझे सासरे, आलेले होते. सकाळी मी फ्रीज उघडला तर आतल्या थर्मामीटरवर 54 अंश फॅरेनहाइट, म्हणजे 12 सेल्सियस. दह्याच्या डब्याचं झाकण फुगलेलं, आणि मसाला लावून ठेवलेल्या मटणाला वास यायला लागलेला. 40 अंश फॅरेनहाइटच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं मांस, दूध ठेवायचं नाही हा इथला नियम आहे आणि तो मी काटेकोर पाळते. सगळं अस्वलांना उघडता न येणाऱ्या कचराकुंडीत नेऊन टाकलं. मला रडू येत होतं. अन्न वाया जातं ते जातंच, पण चार माणसांच्या चार दिवसांचं जेवण त्यात होतं.

नाना आयुष्यभर बांधकामावर देखरेख करत होते. ते शांतपणे म्हणाले, "गाडी लेव्हलला आहे ना?"

"हो नाना, पाणसळ लावून बघितलीय."

खरंच बघितली होती. गाडीच्या रुंदीत पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला होता, कारण रुंदीत तिरकं असलं की झोपेत माणूस कडेला घसरतो. लांबीत गाडीचं नाक थोडं वर होतं, पण माहितीपुस्तिकेत आडवं 3 अंश आणि पुढेमागे 6 अंशांपर्यंत चालतं असं आम्ही वाचलं होतं. फोनवर मोजलं तर लांबीत 4 अंश. म्हणजे हद्दीच्या आत, असं धरून आम्ही निर्धास्त होतो.

नानांनी एक स्टीलची ताटली मागितली. फ्रीजरच्या तळावर ठेवली आणि तिच्यात तांब्यातून बेताने पाणी ओतलं. पाणी सरळ डावीकडे गेलं. डाव्या काठावरून सांडायला आलं आणि उजवीकडे ताटलीचा तळ कोरडा चकाकत होता.

"अगं, गाडीची पाणसळ बघितलीस. फ्रीजची कुठे बघितलीस? हा तर भिंतीला पाठ लावून आडवा उभा आहे."

पुस्तिका पुन्हा काढली. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: हे अंश फ्रीजच्या समोर उभं राहून बघताना. फ्रीजची डावी-उजवी बाजू, गाडीची नाही. बहुतेक आरव्हींत फ्रीज बाजूच्या भिंतीला असतो आणि त्याचं दार मधल्या चिंचोळ्या वाटेकडे उघडतं. म्हणजे फ्रीजची डावी-उजवी बाजू हीच गाडीची लांबी. जी दिशा आम्ही सैल सोडत होतो तीच फ्रीजला सगळ्यात नाजूक होती. आणि ज्या रुंदीसाठी आम्ही अर्धा तास ठोकळे सरकवत बसायचो, तिथे फ्रीजला 6 अंशांची मोकळीक होती. फ्रीज मागच्या भिंतीला असेल तर हिशेब उलटा होतो. म्हणून पहिलं काम, ठोकळ्यांना हात लावायच्या आधी: फ्रीजचं तोंड कुठे आहे ते बघा आणि आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतले अंश त्या तोंडाप्रमाणे वाचा. जुन्या फ्रीजची सहनशक्ती याहून कमी असते.

मोजायचं ते फ्रीजरच्या तळावर. गाडीची जमीन आणि फ्रीजचा तळ एकाच पातळीत असतील असं धरू नका, जुन्या गाड्यांत तर नाहीच. छोटी पाणसळ नसेल तर ताटलीतलं पाणी पुरतं, अंश हवे असतील तर फोन आडवा ठेवा. आणि जागेवर पोचायच्या आधीच एक आकडा पाठ करून ठेवा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर इंचांत मोजून त्याला 19 ने भागायचं. आमचं अंतर 176 इंच, म्हणजे उत्तर सव्वानऊ इंच. पुढचं आणि मागचं चाक यांच्या उंचीत सव्वानऊ इंचांहून जास्त फरक पडला की लांबीत 3 अंश ओलांडले. त्या सकाळी आमचा फरक सव्वाबारा इंच होता. नुसत्या डोळ्यांना तो जाणवतही नव्हता, कारण डोंगरात सगळंच तिरकं असल्यामुळे नजर फसते.

आता हा फरक भरून कसा काढायचा, इथे गाडी कुठल्या तोंडाने लावता याला फार महत्त्व आहे. जागा रस्त्यापासून खाली उतरत असेल आणि तुम्ही नेहमीप्रमाणे मागे घेत आत शिरलात, तर मागची चाकं खाली आणि नाक वर. मग मागची बाजू उचलावी लागते. क्लास सी गाडीला मागे दुहेरी चाकं असतात आणि दोन्ही टायरांखाली पूर्ण आधार हवा, एकच टायर ठोकळ्यावर आणि दुसरा अधांतरी असं कधीही करू नका. शिवाय हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. जॅकने मागची चाकं जमिनीपासून सुटतील इतकी उचलली तर गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. उतारावर यात जीव जाऊ शकतो. उलट नाक खाली असेल तर फक्त पुढची दोन सुटी चाकं उचलायची असतात, मागची जमिनीवर घट्ट आणि ब्रेक शाबूत.

आम्ही तेच केलं. गाडी बाहेर काढली, वळवून नाकाने आत घातली. नवरा चाकाशी, मी मागे, नाना पुढे हात दाखवत. वीज-पाण्याची जोडणी नसल्यामुळे उलटं तोंड करून बिघडण्यासारखं काही नव्हतं. मग पुढच्या चाकांखाली केळ्यासारखे वाकलेले लेव्हलर ठेवले. हे फार कामाचे असतात. गाडी हळूहळू त्यावर चढवत न्यायची, हवी ती उंची आली की थांबायचं आणि खाली पाचर सारायची. चार इंचांपर्यंत उचल मिळते. सव्वाबारातून चार गेले, उरले सव्वाआठ, म्हणजे 2.7 अंश. काठावरच, पण हद्दीत. लगेच गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना खालच्या बाजूने ठोकळे लावले. हा क्रम मोडू नका: आधी जागा आणि उंची ठरवायची, मग हँडब्रेक आणि ठोकळे, मगच इंजिन बंद. टोइंगचा ट्रेलर असेल तर गाडीपासून सोडायच्या आधी चाकांना ठोकळे लागलेच पाहिजेत, कारण हिच, म्हणजे गाडीशी असलेली जोडणी, सुटल्या क्षणी त्याला धरणारं दुसरं काही नसतं.

सपाट केल्याबरोबर फ्रीज चालू करू नका. दोन-तीन तास बंद ठेवला, की साचलेलं मिश्रण उतरून बॉयलरपर्यंत पोचतं. नंतर पेटवला. संध्याकाळी फ्रीजरच्या तळाला बोट लावल्यावर गार लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटरवर 39 अंश फॅरेनहाइट होते. या फ्रीजला मुळात घाई चालत नाही. पूर्ण गार व्हायला 12 तास, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच चालू करून त्यात आधीच गार केलेले पदार्थ भरावेत.

पण हे करूनही थंड होत नसेल तर?

डोंगरात दुसरं कारण उंचीचं असतं. हवा विरळ, त्यामुळे गॅसला प्राणवायू कमी पडतो. ज्योत पिवळी, आळशी होते, काजळी धरते, वारा आला की विझते. साधारण 5,500 फुटांच्या वर शक्यतो विजेवर चालवा, असं बऱ्याच पुस्तिकांत लिहिलेलं असतं. तिरकेपणाचा दोष आणि उंचीचा दोष ओळखायचे सोपे आहेत. गाडीच्या बाहेरून फ्रीजमागची जाळी काढा. ज्योत निळी, स्थिर आणि चिमणी गरम, तरी आत कोमट असेल तर संशय तिरकेपणावर. ज्योत पिवळी किंवा दर थोड्या वेळाने विझून सूचनादिवा लागत असेल तर उंची किंवा मळलेला बर्नर. बर्नर आणि त्याची चिमणी वर्षातून एकदा साफ करून घ्यायची असते. कोळ्याचं एक जाळंही ज्योत बिघडवायला पुरतं. वीज नसलेल्या जागी जनरेटर हा उपाय आहे. उंचीवर त्याचीही ताकद कमी होते, दर 1,000 फुटांना अंदाजे 3 टक्के, पण फ्रीजच्या कांडीला लागतात जेमतेम 300 ते 400 वॅट, तेवढे तो सहज देतो. रात्रीच्या शांततेच्या वेळेत मात्र तो चालवता येत नाही. म्हणून आम्ही दिवसा जनरेटरवर फ्रीज खोलवर गार करतो आणि रात्री गॅसवर सोपवतो. रात्री दार उघडायचं नाही हे मुलांनाही आता पाठ झालंय.

एक गोष्ट मनापासून सांगते: तिरक्या जागी फ्रीज चालूच ठेवून "बघू, होईल गार" असं करू नका. कोरडा पडलेला बॉयलर जास्त तापतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्या मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. अति उष्णतेने ते खराब होऊन त्याचे कण बारीक नळीत अडकतात. गाडी नंतर सपाट केली तरी ते कण विरघळत नाहीत. दर वेळी थोडी थोडी नळी बंद होत जाते आणि एक दिवस सपाट जमिनीवरही फ्रीज गार होत नाही. मग पूर्ण कूलिंग युनिट बदलण्याला पर्याय नसतो. फ्रीज काढून उलटा करून ठेवायचा जुना तोडगा लोक सांगतात, पण अडकलेले कण त्याने निघत नाहीत. आणि फ्रीजच्या पाठीमागे पिवळी पूड किंवा पिवळे डाग दिसले, किंवा गाडीत अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर युनिट फुटलेलं आहे. तत्काळ बंद करा, गॅसचा झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दारंखिडक्या उघडा. ती पिवळी पूड विषारी असते, हाताने पुसायला जाऊ नका. आतला हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे ते युनिट पुन्हा पेटवून बघण्याचा विचारही नको.

चढावरच्या जागेत फ्रीजबरोबर आणखी दोन गोष्टी फसवतात. टाकीत तिसरा हिस्सा पाणी असूनही पंप फडफडतो आणि नळाला हवा येते, कारण पाणी टाकीच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पंपाची नळी वरच्या बाजूला असते. पंप बिघडला असं समजून तो बदलणारे लोक मी पाहिलेत. टाकी भरून बघा, आधी. टाक्यांचे आकडेही अशा जागी खोटे दाखवतात, त्यामुळे सांडपाण्याच्या टाकीच्या आकड्यावर विसंबू नका. बाकी 8,400 फुटांवर पाणी 91 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. डाळ-भाताला कुकर नेलाच पाहिजे, पातेल्यात डाळ शिजायची वाट बघताना गॅस संपतो आणि तोच गॅस फ्रीजलाही लागतो.

जागा राखून ठेवतानाच निम्मं काम होतं. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर बहुतेक जागांच्या माहितीत वाटेचा चढ किती, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि लांबी किती, हे दिलेलं असतं. ते न वाचता नुसता देखावा बघून जागा घेतली तर पुढचे तीन दिवस ठोकळ्यांत जातात. शक्य असेल तर रस्त्याच्या वरच्या अंगाची, म्हणजे रस्त्यापासून वर चढत जाणारी जागा घ्या. मागे घेत आत गेलात की नाक आपोआप खाली येतं आणि पुढची चाकं उचलून भागतं.

वारंवार अशाच जागी जाणार असाल आणि फ्रीज बदलायची वेळ आलीच, तर 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज बघा. त्याला तिरकेपणाचं आणि उंचीचं काही नाही. बॅटरी मात्र जास्त खातो, छतावर सोलर आणि चांगली बॅटरी लागतेच. आम्ही अजून जुनाच ठेवलाय. नानांच्या त्या दिवसानंतर तो दोन उन्हाळे एकदाही बंद पडलेला नाही. स्टीलची ताटली फ्रीजशेजारच्या कपाटातच असते, आणि गाडी लावली की ठोकळे काढायच्या आधी ती बाहेर येते.